"माले त्यामा काही समजत नही भो" म्हणणाऱ्यांसाठी: पुस्तकं, चित्रं आणि डॉक्युमेंट्री एन्जॉय कशा करायच्या

आमच्याकडे खान्देशात कोणालाही म्हणा, चला रविवारी अजिंठ्याला जाऊ, किंवा हे पुस्तक घेऊन जा वाचायला, की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "माले त्यामा काही समजत नही भो." आणि हेच भाऊ ढाब्यावर शेवभाजीचा पहिला घास घेतला की लगेच सांगतात, आज मसाला नीट भाजला नाहीये, खोबरं कच्चं राहिलंय. हे त्यांना कोणी शिकवलं? कोणीच नाही, खाऊन खाऊन आलं. चित्राचं आणि पुस्तकाचंही तसंच आहे असं माझं मत. आधी समजून घ्यायचं आणि मग मजा घ्यायची असा क्रम नसतोच मुळी, आधी मजा येते, मग हळूहळू समजायला लागतं आणि समजलं की अजून मजा येते.

मी जळगावात ऑफिसात काम करते, साहित्याची किंवा आर्टची कुठलीही डिग्री नाही. खाली जे लिहिलंय ते घरात आणि आमच्या छोट्या ग्रुपमध्ये करून बघितलेलं आहे. सगळ्याचा गाभा एवढाच की जवळचं घ्या, थोडं घ्या आणि दोनदा घ्या.

पायरी १: 'मरण्याआधी वाचायलाच हवीत' टाइप याद्या बंद करा

शंभर पुस्तकं, पन्नास डॉक्युमेंट्री, जगातली वीस म्युझियम, असल्या याद्या सेव्ह करून ठेवायच्या आणि मग कधीच उघडायच्या नाहीत हा आपला नॅशनल छंद आहे. त्याऐवजी स्वतःच्या गावापासून दोन तासांच्या आत काय काय आहे ते आधी लिहून काढा. खान्देशात काही नाहीये असं म्हणणारा माणूस बहुतेक कधी स्टेशनबाहेर उतरलेला नसतो.

आमच्या वहीतली यादी अशी आहे, त्यातली काही ठिकाणं दोन तासांपेक्षा लांब आहेत खरी, पण राहवलं नाही. जळगावजवळ आसोदा, बहिणाबाईंचं माहेर. धरणगाव, जिथे १८९० साली बालकवी जन्मले. यावल तालुक्यातलं सांगवी, भालचंद्र नेमाडे तिथले. अमळनेर, जिथे साने गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे, आणि जिथे १९५२ ला आणि मग २०२४ ला अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर, दोन्हीकडे जुन्या हस्तलिखितांचा खजिना. धुळे जिल्ह्यातलंच पिंपळनेर, तिथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी जन्मले, ज्यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश उभा राहिला, आणि तो विश्वकोश आता मोबाईलवर फुकट वाचता येतो. चाळीसगावला फोटोग्राफर केकी मूस यांचं घर. पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख. जळगावच्या जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ हे म्युझियम. नंदुरबारकडे काठी गावची आदिवासींची राजवाडी होळी. आणि अजिंठा, जो नकाशात खान्देशात नाही पण जळगावहून जेमतेम ६० किलोमीटर आहे, त्यामुळे आम्ही तो आपलाच धरतो, संभाजीनगरवाल्यांनी राग मानू नये.

यातलं एकच निवडा. पहिला महिना तेवढंच.

पायरी २: वेळ काढू नका, असलेली वेळ पकडा

रोज सकाळी पाचला उठून वाचा वगैरे सल्ले मला कधी जमले नाहीत आणि जमणाऱ्यांबद्दल मला जरा संशयच आहे. आपल्याकडे निसर्गानेच एक स्लॉट दिलेला आहे. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावचं ऊन ४५ च्या आसपास जातं, दुपारी बारा ते चार कुत्रं पण रस्त्यावर नसतं, कुलर लावून सगळे घरात. ती वेळ आपण मोबाईलवर रील सरकवत घालवतो. माझं जाडजूड पुस्तकांचं वाचन जवळपास सगळं याच दोन महिन्यांत होतं. पावसाळ्यात फिरायचं आणि बघायचं, दिवाळीत दिवाळी अंक, थंडीत संध्याकाळी लवकर अंधार पडतो तेव्हा डॉक्युमेंट्री. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांचं वेळापत्रक वेगळं, कापूस वेचणीच्या दिवसांत पुस्तक वाच म्हणून कोणाला सांगणं म्हणजे मार खायची तयारी ठेवणं, पण वेचणी आटोपली की असतेच ना उसंत.

मोबाईलचं एकच सांगते, तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. सायलेंट करून शेजारी ठेवणं हा फक्त स्वतःला फसवायचा प्रकार आहे.

पायरी ३: पुस्तक, आधी कानाने

सुरुवात कवितेने करा असं म्हटलं की लोक पळतात, पण खान्देशातल्या माणसाला कवितेचं दार सगळ्यात सोपं आहे कारण बहिणाबाई आपल्याच बोलीत बोलतात. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, घरोटावर दळताना, शेतात काम करताना गाणी सुचायची आणि मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसं उतरवून घ्यायची. १९५१ ला त्या गेल्या, पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक आलं. आता शाळेत आपण यातल्या कविता पाच मार्कांसाठी पाठ केल्या, संदर्भासहित स्पष्टीकरण लिहिलं आणि विसरलो. तर करायचं काय, ते पुस्तक घ्या आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला मोठ्याने वाचून दाखवा. माझ्या सासूबाई यावलकडच्या, मी शहरी उच्चारात वाचायला लागले तर दोन ओळीतच त्यांनी थांबवलं, "असं नही म्हनत वं," आणि मग त्यांनी त्यांच्या चालीत म्हणून दाखवलं. शब्द तेच पण एकदम हलायला लागले. कुठल्या शब्दावर जोर आहे, कुठे हात फिरतोय, हे छापील पानावर दिसतच नाही. नंतर त्या कुठल्या तरी आत्याबद्दल आणि तिच्या दळणाबद्दल तासभर बोलत बसल्या, कविता राहिली बाजूला, पण माझ्या मते तीच खरी पुस्तकाची मजा.

कादंबरीचंही तेच तंत्र. नेमाड्यांची 'कोसला' १९६३ ची, खान्देशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या पांडुरंग सांगवीकरची. बरेच जण पहिल्या वीस पानांत सोडतात कारण 'स्टोरी पुढे जात नाही'. मग ती वीस पानं मोठ्याने वाचा, घरी कोणी नसताना वाचा हवं तर. त्यातला माणूस बोलतोय, आणि तो आपल्या होस्टेलवरच्या त्या एका मित्रासारखा बोलतोय जो कधी सिरीयस आहे आणि कधी टिंगल करतोय तेच कळत नाही. कानाला तो सूर सापडला की पुढे डोळ्याने वाचता येतं.

किती पानं वाचून सोडायचं हा प्रश्न सगळे विचारतात. पन्नास पानांचा नियम बिनियम मी मानत नाही. माझा हिशोब असा की पुस्तक कंटाळवाणं आहे म्हणून सोडत असाल तर खुशाल सोडा, पण अवघड आहे म्हणून सोडत असाल तर कपाटात ठेवा आणि पुढच्या मे महिन्यात परत काढा. काही पुस्तकं आपलं वय वाढायची वाट बघत असतात.

पुस्तकं आणायची कुठून? लायब्ररीतून, अजून कुठून. जळगावला व. वा. जिल्हा वाचनालय आहे, अमळनेरला साने गुरुजींच्या नावाचं ग्रंथालय आहे, आणि महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्याखाली अ ब क ड वर्गातली अनुदानित वाचनालयं लहान लहान गावांत पण आहेत, तुमच्या तालुक्याला नक्की एखादं असेल, फक्त पाटी गंजलेली असते म्हणून दिसत नाही. तिथे गेल्यावर नवीन काय आलंय ते विचारू नका, जुने बांधीव दिवाळी अंक आहेत का ते विचारा. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन' पासूनची आहे आणि जुन्या अंकांत एकाच ठिकाणी कथा, कविता, व्यंगचित्र, प्रवासवर्णन, भांडणं सगळं मिळतं, नवीन वाचणाऱ्याला स्वतःची आवड शोधायला याच्यापेक्षा स्वस्त जागा नाही. लायब्ररीतल्या दादांशी ओळख करून घ्या, चहा पाजा, त्यांना माहिती असतं कुठलं पुस्तक सारखं बाहेर जातं आणि कुठलं चांगलं असून धूळ खात पडलंय.

पायरी ४: चित्र बघणं, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे

अजिंठ्याला आपल्याकडचा प्रत्येक माणूस एकदा तरी गेलेला असतो, शाळेच्या सहलीला. सहलीत काय होतं, सगळ्या लेण्या दोन तासांत, सर पुढे, पोरं मागे, माकडांना बघून आरडाओरडा, फर्दापूरला येऊन पेरू. आणि मग आयुष्यभर "हो मी बघितलंय अजिंठा". आपण बघितलेलं नाहीये. सांगते कसं बघायचं.

जायच्या आधी घरी एक गोष्ट वाचा. एकच. तिथली भिंतीवरची चित्रं बरीचशी जातककथांची, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टींची आहेत, आणि दुर्गा भागवतांनी 'सिद्धार्थ जातक' नावाने त्या मराठीत आणून ठेवलेल्या आहेत. विश्वंतर राजपुत्राची गोष्ट वाचा, जो दान द्यायच्या नादात राज्याचा हत्ती देतो, रथ देतो, शेवटी पोटची पोरं पण देऊन टाकतो. वाचून राग येतो, आलाच पाहिजे. तो राग घेऊन १७ नंबरच्या लेण्यात जा आणि तेवढी एकच गोष्ट भिंतीवर शोधा.

शोधताना गोंधळ होणार, कारण आपल्याला कॉमिकसारखं डावीकडून उजवीकडे वाचायची सवय आहे आणि तिथे तसं नाहीये. त्या चित्रकारांनी बऱ्याच ठिकाणी प्रसंग काळाच्या क्रमाने न लावता जागेच्या हिशोबाने लावलेत, म्हणजे राजवाड्यात जे जे घडलं ते एका बाजूला, रानात जे घडलं ते दुसऱ्या बाजूला. तोच राजपुत्र एकाच भिंतीवर परत परत दिसतो. हे एकदा लक्षात आलं की भिंतीवरची गर्दी सुटी व्हायला लागते, अरे हा तोच, ही त्याची बायको, आणि हा दात विचकलेला म्हातारा म्हणजे पोरं मागायला आलेला तो ब्राह्मण.

आता डोळ्यांचं. बाहेर रखरखीत ऊन आणि आत अंधार, लोक आत जातात, दोन मिनिटांत "काही दिसत नही" म्हणून बाहेर. आपल्या डोळ्यांना अंधाराला सरावायला पाच-दहा मिनिटं तर लागतातच, पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं. म्हणून बाहेर चालताना टोपी आणि गॉगल घाला, आत गेल्यावर आधी एका कोपऱ्यात उभं राहून थोडा वेळ डोळे मिटून घ्या, आणि मोबाईलची स्क्रीन अजिबात बघू नका, एकदा बघितली की परत पहिल्यापासून. फ्लॅशला बंदी आहेच आणि ती योग्यच आहे. छतासाठी छोटी दुर्बीण न्या, लोक हसतील, हसू द्या, पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याच्या छतावर काय नक्षी आहे ते त्यांना मान वर करून पण दिसणार नाही.

मग उभं राहून नेमकं बघायचं काय? मी सोपं सोपं बघते. कपडे बघते, किती प्रकारचे पट्टे आहेत, पातळ कापड कसं दाखवलंय. केसांच्या रचना बघते. हात बघते, अजिंठ्यातले हात चेहऱ्यापेक्षा जास्त बोलतात. मग पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या बाजूला हातात कमळ घेतलेला पद्मपाणी बोधिसत्व, ज्याचा फोटो सगळीकडे असतो, त्याच्यासमोर गर्दी असेल तर आधी बाकीचं बघून या. त्याच्याभोवती काय चाललंय ते बघा, सगळे आपापल्या उद्योगात आहेत आणि मधोमध हा एकटा खाली बघत शांत.

भिंत कशी बनवली तेही जवळून दिसतं, जिथे रंग पडलाय तिथे. आधी मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि झाडाचे तंतू कालवलेले, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चित्र. लाल-पिवळा गेरूचा, काळा काजळीचा, पांढरा चुन्याचा, पण निळा मात्र लाजवर्द दगडाचा, जो थेट अफगाणिस्तानकडून यायचा. वाघूर नदीकाठच्या डोंगरात बसून पाचव्या शतकात कोणीतरी तो निळा रंग जपून जपून वापरतोय, कारण महाग असणार ना, हे डोक्यात आलं की निळा दिसेल तिथे मी थांबतेच. आणि चित्रं तपकिरी दिसतात त्याला फक्त वय कारण नाहीये, एकोणिसाव्या-विसाव्या शतकात नकला करणाऱ्यांनी आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी जे व्हार्निश लावलं ते पिवळं पडत गेलं. म्हणजे आपण चित्रावरचा एक मळकट काच पण बघत असतो.

एका फेरीत सगळी लेणी करायची नाहीत. पहिल्या खेपेला १, २, १६, १७ चित्रांसाठी आणि जाता जाता २६, तिथला झोपलेला बुद्ध सात मीटरच्या आसपास लांब आहे, त्याच्या पायाकडून डोक्याकडे सावकाश चालत जा. दुसऱ्या खेपेला ९ आणि १०, ही सगळ्यात जुनी, इसवी सनाच्या आधीची, आणि १० मध्ये खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ साली नाव कोरून ठेवलंय. आपल्या पोरांना आपण भिंतीवर नावं लिहू नका म्हणतो, हा साहेब तर इतिहासात गेला त्यावर.

प्रॅक्टिकल भाग पटकन: सोमवारी बंद असतं. स्वतःची गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटला ठेवावी लागते, पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने. पाणी आणि पायात धड चप्पल. पाऊस पडून गेल्यावर जा, वाघूर वाहती असते.

आणि भुसावळवाल्यांसाठी खास. रॉबर्ट गिल म्हणून एक अधिकारी १८४४ पासून अजिंठ्याला राहून वर्षानुवर्षं त्या भिंतींच्या मोठमोठ्या नकला रंगवत होता, त्यातल्या बहुतेक लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ मध्ये जळून गेल्या. मग मुंबईच्या आर्ट स्कूलच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन परत नकला केल्या, तर त्यातल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या. तो गिल १८७९ मध्ये वारला आणि त्याची कबर भुसावळला आहे. स्टेशनवर गाडीची वाट बघत किती तास काढले असतील आपण त्या गावात, आणि ही गोष्ट आपल्याला शाळेत कोणी सांगितली नाही.

अजिंठा लांब वाटत असेल तर चाळीसगावला जा. केकी मूस (१९१२ ते १९८९) यांचं घर स्टेशनपासून जवळच आहे. इंग्लंडला कला शिकून आलेला हा माणूस परत आला आणि जवळजवळ पन्नास वर्षं घराबाहेर पडलाच नाही म्हणा. लोक प्रेमाची आणि पंजाब मेलची एक गोष्ट सांगतात, ती तिथे गेल्यावर तुम्हाला कोणीतरी सांगेलच, पण माझं म्हणणं आहे त्या गोष्टीत अडकू नका, फोटो बघा. टेबलटॉप हा त्यांचा प्रकार, म्हणजे घरातल्या टेबलावर साध्या साध्या वस्तू मांडून असं दृश्य उभं करायचं की फोटोत तो खरा बाहेरचा देखावा वाटतो. मोबाईल असलेल्या प्रत्येक पोराने हे घरी करून बघावं. पीठ, वाळू, कापूस, दोन काड्या, एक टेबल लॅम्प, मागे काळा कपडा. आमच्या भाच्याने एक अख्खी दुपार त्यात घातली, आणि लाइट बाजूने मारला की पिठाचे डोंगर होतात, वरून मारला की पीठच राहतं, हे त्याला स्वतःच कळलं. त्यानंतर परत मूस यांचे फोटो बघताना तो प्रत्येक फोटोत लाइट कुठून येतोय ते शोधत होता. दोनदा बघा म्हणते ते यासाठी. जायच्या आधी घर उघडं असण्याची वेळ मात्र चौकशी करून घ्या.

पायरी ५: डॉक्युमेंट्री, म्हणजे माहितीपट, पण माहितीसाठी नव्हे

आमच्या वडिलांच्या पिढीला डॉक्युमेंट्री म्हणजे टॉकीजमध्ये पिक्चरच्या आधी लागणारी, सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची काळी-पांढरी रीळ, ती चुकवण्यासाठी लोक मुद्दाम उशिरा जायचे. फिल्म्स डिव्हिजन १९४८ ला सुरू झालं, २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे सरकारच्याच राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं, आणि त्यांच्या कितीतरी फिल्म आज यूट्यूबवर आरामात मिळतात. त्यात कंटाळवाण्या आहेत, खोटं कशाला बोला. पण हिरे पण आहेत.

पहिली फिल्म छोटी निवडा. मी सगळ्यांना सत्यजित राय यांची १९७२ ची 'द इनर आय' सांगते, साधारण वीस मिनिटांची, बिनोदबिहारी मुखर्जी या चित्रकारावरची, ज्यांची नजर डोळ्यांच्या ऑपरेशननंतर पूर्ण गेली आणि तरी त्यांनी काम थांबवलं नाही. अजिंठ्याच्या अंधारातून आल्यावर ही बघा, म्हणजे 'बघणं' या प्रकाराबद्दल डोक्यात जे काही हलतं ते मला शब्दात सांगता येणार नाही.

बघायची पद्धत अशी. पहिल्यांदा सरळ बघा, पॉज नाही, गुगल नाही. दुसऱ्यांदा मधली पाच-सात मिनिटं आवाज बंद करून बघा. आवाज गेला की लगेच कळतं की आपल्याला रडू चित्रामुळे आलं होतं की म्युझिकमुळे. मग काही प्रश्न स्वतःला विचारा: कोण बोलतंय आणि कोणाला बोलूच दिलं नाहीये? कॅमेरा धरणारा माणूस तिथे किती दिवस राहिला असेल? हा शॉट आपोआप मिळाला की कोणाला तरी "परत एकदा चालत या" म्हणून सांगितलं?

शेवटचा प्रश्न फालतू नाहीये. डॉक्युमेंट्रीच्या इतिहासात सुरुवातीलाच जिचं नाव येतं ती १९२२ ची 'नानूक ऑफ द नॉर्थ', उत्तरेकडच्या बर्फात राहणाऱ्या एका इनुइट शिकाऱ्यावरची, त्यात आत कॅमेऱ्याला उजेड मिळावा म्हणून अर्धवटच बर्फाचं घर बांधलं होतं, आणि त्या माणसाचं नाव नानूक नव्हतंच, शिवाय ते लोक तेव्हा बंदुका वापरत असूनही फिल्ममध्ये जुन्या पद्धतीने भाल्याने शिकार दाखवली. मग ती खोटी का? आमच्या ग्रुपमध्ये यावर एवढा वाद झाला की चहा गार झाला. माझं मत असं की खोटी म्हणून फेकून द्यायची नाही पण भोळेपणाने पण बघायची नाही. याच्या दुसऱ्या टोकाला आनंद पटवर्धनांची दलित चळवळीवरची 'जय भीम कॉम्रेड', २०११ ची, १४ वर्षं चाललेलं काम. एखाद्या विषयासोबत माणूस एवढी वर्षं राहिला की फिल्मचा श्वासच बदलतो. ती लांब आहे, दोन दिवसांत बघा.

आणि आपल्या शेजारची. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात असलं तरी आपल्याला परकं नाही, लग्नाचे कपडे घ्यायला जातोच की. फैजा अहमद खान यांची २००८ ची 'सुपरमेन ऑफ मालेगाव' बघा. नासिर शेख आणि त्यांची दोस्त मंडळी, यंत्रमागाच्या गावात, चिल्लर बजेटमध्ये स्वतःचा सुपरमॅन बनवतायत. याच मंडळींच्या आधीच्या 'शोले'मध्ये डाकू घोड्यांऐवजी सायकलवर येतात. हसून हसून पोट दुखतं आणि मधेच कुठेतरी हसू अडकतं, कारण हा सुपरमॅन झालेला बारीक अंगाचा माणूस दिवसा मागावर काम करतो. २०२५ मध्ये याच लोकांवर हिंदी पिक्चर पण आला, 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव'. दोन्ही पाठोपाठ बघा आणि खऱ्या माणसाच्या कुठल्या गोष्टी पिक्चरवाल्यांनी गुळगुळीत केल्या ते शोधा, यात जी मजा आहे ती कुठल्याही रिव्ह्यूत नाही.

सबटायटलचा प्रॉब्लेम घरातल्या मोठ्यांना येतो. त्यावर उपाय, एकाने वाचून सांगायचं, पण प्रत्येक वाक्य नाही, महत्त्वाचं तेवढंच. सासूबाई तर म्हणतात सांगू नको, तोंडावरून कळतं मला.

पायरी ६: वही

एक साधी दोनशे पानी. तारीख, काय बघितलं किंवा वाचलं, त्यातली एकच बारीक गोष्ट, आणि एक प्रश्न. बस. स्टार द्यायचे नाहीत, सारांश लिहायचा नाही, सारांश नेटवर मिळतो. माझ्या वहीत एका पानावर फक्त "१७ नंबर, खांबामागची बाई, कोणाकडे बघतेय?" एवढंच आहे आणि त्यामुळे मला ती भिंत आजही आठवते, जिथे लांबलचक लिहिलंय ती पानं मात्र माझी मलाच वाचवत नाहीत.

पायरी ७: बोलायला माणसं

एकट्याने वाचता येतं पण एकट्याने आवड टिकत नाही, निदान माझी तरी टिकली नसती. मोठा ग्रुप नको. महिन्यातून एकदा, कोणाच्या तरी गच्चीवर, थंडीत भरीत-भाकरीच्या निमित्ताने केलं तर हजेरी शंभर टक्के, हा अनुभव. नियम आम्ही दोनच ठेवलेत. "छान होतं" हे वाक्य बोलायचं नाही, आणि "तू कुठे थांबलास?" हा प्रश्न प्रत्येकाला विचारायचा. मग कोणी म्हणतो मी तर त्या पानाला झोपलो, तेही चालतं, का झोपला यावर गप्पा होतात. एक काका प्रत्येक वेळी पुस्तक न वाचताच येतात आणि सगळ्यात जास्त बोलतात, असा माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये लागतोच, त्यांना काढू नका, फक्त त्यांना शेवटी बोलायला द्या.

व्हॉट्सॲप ग्रुप काढायचाच असेल तर फक्त कुठे आणि किती वाजता भेटायचं एवढ्यासाठी, नाहीतर तिसऱ्या दिवशी त्यात गुड मॉर्निंगची फुलं आणि उन्हाळ्यात कांद्याचे भाव सुरू होतात. पुस्तक एकच असेल आणि माणसं सहा असतील तर सात-सात दिवस वाटून घ्या, वहीत कोणाकडे गेलंय ते लिहा, आणि लायब्ररीचं असेल तर ज्याच्या नावावर घेतलंय त्याच्याकडेच ते शेवटी परत आलं पाहिजे. दंड तो भरतो.